परग्रहावरची खतावणी

किमतीच्या २० टक्के रक्कम आधी रोख भरावी. त्यानंतर दरमहा मूळ किमतीच्या २४०व्या भागाइतका एक, असे ४८० हप्ते द्यावेत. चाळीस वर्षांनी वाहन कर्जमुक्त होईल. ही कलमे एखाद्या बँकेच्या मंजुरीपत्रातील वाटतात, पण ती आहेत एका खेळाच्या नियमपुस्तिकेतील. तारण आहे ते दोनशे टनी अंतराळयान, आणि कर्जदार आहे एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर माल वाहणारा किरकोळ व्यापारी. खेळाचे नाव ‘ट्रॅव्हलर’. मार्क मिलर यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल नावाच्या गावी ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ या संस्थेने १९७७ साली प्रसिद्ध केला. एका पेटीत काळ्या मुखपृष्ठाच्या तीन लहान पुस्तिका, एवढाच त्याचा सरंजाम होता. पट नाही, सोंगट्या नाहीत, रंगीत चित्रेही नाहीत.

आपल्यापैकी बहुतेकांनी ‘नवा व्यापार’ खेळताना मुंबई-कलकत्त्याच्या जागा विकत घेतल्या असतील. ज्याला इंग्रजीत ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात आणि मराठीत ‘भूमिका-खेळ’ म्हणता येईल, तो प्रकार याहून अगदी निराळा आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका काल्पनिक व्यक्तीची भूमिका घेतो: कोणी नावाडी, कोणी वैद्य, कोणी व्यापारी. एक जण पंच होतो. भोवतीचे जग कसे आहे, दार उघडल्यावर पलीकडे काय दिसते, हे पंच सांगतो. आपण काय करणार ते खेळाडू सांगतात. एखादी कृती साधेल की फसेल याची शंका असेल तेथे फासे टाकतात. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. कथा पुढे सरकत राहते आणि कधी कधी वर्षानुवर्षे चालते. या प्रकारचा पहिला छापील खेळ, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली आणला. त्यात राक्षस होते, तळघरे होती, खजिना होता. ‘ट्रॅव्हलर’मध्ये त्यांची जागा हप्ता, भाडे, इंधन आणि भावातील तफावत यांनी घेतली. आपल्या घरांत फासे म्हटले की आजही नाके मुरडली जातात, म्हणून एवढे स्पष्ट करणे आवश्यक आहे की येथे पैज नसते, पणाला काही लागत नाही. फासा फक्त दैवाचे काम करतो.

या विषयाशी माझा संबंध जडला तो नातीमुळे. ती पुण्यात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने व तिच्या तीन मित्रमैत्रिणींनी मंगळावरील वसाहतीचा एक भूमिका-खेळ रचावयास घेतला. हवा, पाणी, यंत्रे, माणसे यांचे नियम त्या चौघांनी आपसांत वाटून घेतले आणि कर्जाचे प्रकरण माझ्याकडे आले. “आजोबा, तुम्ही आयुष्यभर लोकांना कर्जे दिलीत, आता मंगळावर एक शाखा उघडून द्या,” असे तिने दूरध्वनीवर सांगितले. तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या मुलाचा, कापडाचा घाऊक व्यापार आहे. मुलीने पदवीनंतर दुकानात बसावे, खेळबीळ रचून पोट भरत नाही, असे त्याचे म्हणणे. तिचे म्हणणे उलट. त्या वादात मला पंच व्हावयाचे नव्हते. पण त्या निमित्ताने मी या खेळांची पुस्तके मागवून वाचली, आणि वाचता वाचता पेन्सिल हाती घेतली.

प्रथम त्या यानाचाच हिशेब पाहू. ‘ट्रॅव्हलर’मधील सर्वांत साध्या व्यापारी यानाची किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट आहे, क्रेडिट हे तेथील चलन. आगाऊ भरणा ७४ लाख १६ हजार. मासिक हप्ता १ लाख ५४ हजार ५००. सर्व हप्ते फिटेपर्यंत एकूण भरणा किमतीच्या २२० टक्के, म्हणजे ८ कोटी १५ लाख ७६ हजार होतो. घटत्या शिलकीवर मी व्याजाचा दर काढून पाहिला. तो दरसाल साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडतो. वाटेत लुटारू, परतीची शाश्वती नाही, तारण डोळ्यांआड कित्येक प्रकाशवर्षे दूर. अशा धंद्याला या दराने चाळीस वर्षांचे कर्ज मी तरी मंजूर केले नसते.

आता उत्पन्न. एका ग्रहावरून शेजारच्या ताऱ्याकडे झेप घेण्यास सुमारे एक आठवडा लागतो. चढ-उतार, माल शोधणे यात दुसरा आठवडा जातो. म्हणजे महिन्याला दोन फेऱ्या. यानात ८२ टन माल मावतो आणि भाडे टनाला एक हजार. दहा खोल्यांपैकी चार कर्मचाऱ्यांना गेल्या की सहा उच्च श्रेणीचे प्रवासी उरतात, प्रत्येकी दहा हजार. शिवाय थंड निद्रेत ठेवून न्यावयाचे वीस प्रवासी, प्रत्येकी एक हजार. यान काठोकाठ भरले तर फेरीला १ लाख ६२ हजार, महिन्याला ३ लाख २४ हजार जमा. खर्चाच्या बाजूला हप्ता आहेच. त्यात चौघांचे पगार १५ हजार, तीस टन शुद्ध इंधन टनाला पाचशे दराने दोन वेळा, म्हणजे ३० हजार, अन्न-हवा-पाण्याची व्यवस्था ४४ हजार, आणि वार्षिक दुरुस्तीची मासिक तरतूद व बंदराचे शुल्क मिळून सव्वातीन हजारांच्या आसपास. एकूण सुमारे २ लाख ४७ हजार. शिल्लक ७७ हजार, म्हणजे वरवर पाहता धंदा बरा.

परंतु यान दर वेळी भरत नाही. तीन चतुर्थांश भरले तर जमा २ लाख ४३ हजार आणि खर्च जवळजवळ २ लाख ४० हजार. हाती उरतात तीन हजार. अर्धे भरले तर महिन्याला सत्तर हजारांचा खड्डा. भाड्याची गाडी चालवणाऱ्या कोणालाही हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. मार्क मिलर यांची खरी करामत येथे आहे. त्यांनी आकडे असे बसवले आहेत की नुसत्या भाड्यावर प्रामाणिक माणूस जेमतेम तग धरतो. वर यावयाचे असेल तर स्वतःच्या पैशाने माल घेऊन दुसऱ्या ग्रहावर विकावा लागतो, अथवा कोणाचे तरी जोखमीचे, कधी संशयास्पद काम अंगावर घ्यावे लागते. साहस सुरू होते ते येथून. खेळाडूंना घराबाहेर काढण्यासाठी पंचाला कोणी राजकन्या पळवून न्यावी लागत नाही. एक तारखेचा हप्ता ते काम चोख करतो. आणि हप्ता बुडवून यानासह परागंदा होणाऱ्यांचाही नियमांत विचार केलेला आहे: अशांच्या मागे वसुलीवाले लागतात.

माणसे घडवण्याची पद्धतही याच वळणाची आहे. भूमिका घेणारा अठराव्या वर्षी सेवेत शिरतो: नौदल, भूदल, व्यापारी दल वगैरे. दर चार वर्षांनी एक सत्र पूर्ण होते. त्या काळात फाशांवर काही कौशल्ये मिळतात. मात्र प्रत्येक सत्रात जिवंत राहण्याचाही फासा टाकावा लागतो आणि तो उलटा पडला तर खेळ सुरू होण्याआधीच ती व्यक्ती मृत होते. चौतिशीनंतर वार्धक्याचे फासे सुरू होतात. पाच सत्रे, म्हणजे वीस वर्षे, पूर्ण करणाऱ्यास बहुतेक सेवांत वर्षाला चार हजार क्रेडिट निवृत्तिवेतन मिळते. हे वाचून मला बरे वाटले, इतकेच म्हणतो.

ग्रह घडवण्याचे नियम तर पाठ करावेत असे आहेत. दोन फाशांची बेरीज करून तीतून दोन वजा केले की ग्रहाचा आकार मिळतो; तो आकडा म्हणजे हजार मैलांत व्यास. मग पुन्हा दोन फासे टाकून सात वजा करावयाचे आणि आकार मिळवावयाचा, की वातावरणाचा आकडा येतो. दोन फाशांची सरासरी सातच असल्याने वातावरण साधारणपणे आकाराइतके निघते. लहान ग्रहाला गुरुत्व कमी, म्हणून हवा विरळ, हे भौतिकशास्त्र एका वजाबाकीत बसवले आहे. लोकसंख्येचा आकडा म्हणजे दहाचा घात: तीन आला तर हजारोंची वस्ती, नऊ आला तर अब्जावधींची. लोकसंख्येवरून शासनाचा प्रकार आणि शासनावरून कायद्याची कडकाई ठरते. मंगळाचा व्यास सुमारे ४,२०० मैल, म्हणजे आकार चार. फासे त्याला सरासरीने ‘विरळ व दूषित’ हवा देतील. निसर्गाने मात्र त्याहून कितीतरी कमी दिली आहे. असो. ग्रह असा ठरला की त्यावरून बाजारभाव ठरतात. हवा-पाणी बरे आणि वस्ती मध्यम, तर तो शेतीप्रधान. वस्ती अब्जावर आणि हवा वाईट, तर औद्योगिक. कोठला माल कोठे स्वस्त आणि कोठे महाग, याचे कारण ग्रहाच्या मातीत सापडते. सांगलीची हळद आणि लातूरची डाळ यांचा व्यापार करणाऱ्या घरांना यात नवल वाटू नये.

एक गोष्ट मला विशेष भावली. या खेळात यानापेक्षा वेगाने कोणतीही बातमी जात नाही. तार नाही, दूरध्वनी नाही. दुसऱ्या ग्रहावरचा भाव कळतो तो आठवड्यापूर्वीचा, आणि तोही कोणी यानाने आणला तर. पतही तशीच प्रवास करते. आपल्या आजोबा-पणजोबांनी हेच जग पाहिले होते. दर्शनी हुंडी दाखवताच पटायची, मुदती हुंडी मुदत भरल्यावर. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहालाच मिळायचे. आणि जोखमी हुंडी तर जणू अंतराळासाठीच जन्मली असावी. जहाजावर चढवलेल्या मालाच्या पोटी ती लिहिली जाई आणि माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यावे लागत. जहाज बुडाले तर हुंडीही बुडाली. उचल आणि विमा दोन्ही एकाच कागदात. नातीला मी हे सांगितले तेव्हा दूरध्वनीवर काही वेळ शांतता होती. मग तिने विचारले, “आजोबा, हे खरेच होते, की तुम्ही आत्ता रचलेत?” तिच्या खेळात आता जोखमी हुंडी आहे, त्याच नावाने.

येथपर्यंत व्यापार झाला. वसाहत ही त्याहून कठीण गोष्ट आहे, कारण यानाला बंदर असते, वसाहतीला परत जाण्याचा रस्ता नसतो. त्या चौघांनी काल्पनिक ग्रह न घेता मंगळ घेतला, हे मला शहाणपणाचे वाटते. आकडे आयते मिळतात आणि कल्पनेला शिस्त लागते. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, वर्ष आपल्या ६८७ दिवसांचे. गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के. हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आणि त्या हवेत ९५ टक्के कर्बद्विप्राणिल वायू. मातीत परक्लोरेट नावाचे अपायकारक क्षार. पृथ्वीहून यान पाठवण्याची सोयीची वेळ येते ती सुमारे २६ महिन्यांनी एकदा. म्हणजे आज मागवलेला सुटा भाग हुकला, तर पुढची खेप दोन वर्षांहून अधिक काळाने. दुकानातला माल संपल्यावर दोन वर्षे गाडी येणार नाही, अशी कल्पना करून साठ्याचे गणित मांडावे.

हवेचे प्रकरण नातीकडे होते. पर्सिव्हिअरन्स या गाडीवर ‘मॉक्सी’ नावाचे एक छोटे यंत्र नासाने मंगळावर पाठवले होते. २०२१ ते २०२३ या काळात ते सोळा वेळा चालवले गेले आणि मंगळाच्या हवेतून त्याने एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू काढला. उत्तम चालले तेव्हा ताशी १२ ग्रॅम. माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम लागतो, म्हणजे ताशी ३५. मंगळावर आजवर माणसाने निर्माण केलेला हा प्राणवायू एका माणसाला साडेतीन तास पुरेल. ही कुचेष्टा नव्हे; शून्याच्या पुढे आकडा गेला, हीच मोठी गोष्ट आहे. पण वसाहतीचा खेळ रचणाऱ्याने हा साडेतीन तासांचा आकडा टेबलासमोर लिहून ठेवावा.

पाण्याचा हिशेब मी माझ्या पद्धतीने मांडला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर वापरलेल्या पाण्यापैकी ९८ टक्के पाणी पुन्हा शुद्ध करून वापरता येते, हा टप्पा २०२३ साली गाठला गेला. घटत्या शिलकीवर दोन टक्के घसारा, असे समजा. प्रत्येक आवर्तनात दोन टक्के गेले तर चौतीस-पस्तीस आवर्तनांनी पाणी निम्मे उरते. आणि शुद्धीकरण ९० टक्केच होत असेल तर सहा-सात आवर्तनांतच निम्मे. आठ टक्क्यांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. वसाहतीत तो जगणे आणि मरणे यांतला फरक आहे. या एका नियमामुळे त्यांच्या खेळातले यंत्रदुरुस्तीचे कौशल्य एकदम महत्त्वाचे झाले. तोवर सर्वांना संशोधक किंवा कप्तान व्हावयाचे होते. आता गाळणीवाल्याची भूमिका कोणाकडे, यावर भांडण होते.

अशी बंद वसाहत माणसाने पृथ्वीवर करून पाहिली आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील ओरॅकल गावाजवळ ‘बायोस्फीअर २’ नावाचे सुमारे सव्वातीन एकरांचे काचघर उभारले गेले. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसे आत गेली आणि दोन वर्षे तेथेच पिकवून तेथेच राहिली. काही महिन्यांत आतला प्राणवायू कमी होऊ लागला, २०.९ टक्क्यांवरून सोळा महिन्यांत तो साडेचौदा टक्क्यांवर आला. माणसांना जिना चढताना धाप लागू लागली. याचे कारण गळती नव्हते. खरे कारण असे निघाले की भरपूर खत घातलेल्या मातीतील सूक्ष्मजीव प्राणवायू ओढून कर्बद्विप्राणिल वायू सोडत होते. एरवी तो वायू झाडांनी घेऊन प्राणवायू परत केला असता. पण इमारतीचे काँक्रीट तो वायू शोषून घेत होते, त्यामुळे प्राणवायू भिंतींत अडकून पडला. जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. परागीभवन करणारे कीटक बहुतेक मेले. मुंग्या आणि झुरळे मात्र भरभराटीला आली. खतावणीच्या भाषेत सांगायचे तर रोजमेळ जुळत होता, पण एक खाते कोणी उघडलेच नव्हते: भिंतीचे. खेळाचे नियम लिहिणाऱ्याला याहून चांगला धडा कोणता मिळणार? पंचाने एखादे न उघडलेले खाते मनात ठेवावे आणि खेळाडूंना ते शोधू द्यावे, हे त्यांनी येथून उचलले.

इतर रचनाकारांनी काय केले तेही पाहिले. स्वीडनचे याकोब फ्रिक्सेलिउस यांचा ‘टेराफॉर्मिंग मार्स’ हा पटावरचा खेळ २०१६ साली आला. त्यात कंपन्या मंगळाचे तापमान उणे ३० अंशांपासून अधिक ८ पर्यंत, प्राणवायू शून्यापासून १४ टक्क्यांपर्यंत नेतात आणि नऊ समुद्र भरतात. भांडवल-नियोजनाच्या दृष्टीने तो सुरेख आहे. आज उत्पन्न देणारी गुंतवणूक घ्यावी की ग्रह सुधारून गुण मिळवावेत, हा पेच अखेरपर्यंत सुटत नाही. पण त्यात कोणी उपाशी राहत नाही, म्हणून मला तो थोडा कोरडा वाटला.

याच्या उलट जेफ्री बार्बर यांचा ‘ब्लू प्लॅनेट’. हा भूमिका-खेळ १९९७ साली प्रसिद्ध झाला. पोसायडन नावाचा जवळजवळ सर्वस्वी जलमय असा ग्रह. तेथे पृथ्वीने वसाहतकरी पाठवले आणि नंतर पृथ्वीवरच पिकांवरील रोगाने हाहाकार उडाल्याने त्यांचा संपर्क कित्येक दशके तुटला. ते बिचारे मासेमारी करून, ग्रहाशी जुळवून घेऊन जगले. मग पृथ्वी सावरली, परत आली, आणि त्या समुद्राच्या तळाशी आयुष्य लांबवण्यास उपयोगी पडणारे एक दुर्मीळ खनिज सापडले. पाठोपाठ मोठमोठ्या कंपन्या आल्या. आता ग्रह कोणाचा? आधी येऊन हाल सोसलेल्यांचा, की भांडवल घालणाऱ्यांचा? व्यापारी म्हणून आपण सहसा दुसऱ्या बाजूला बसलेले असतो. हा खेळ पहिल्या बाजूला बसवून पाहतो, आणि त्यात बरेच काही दिसते.

आता माझ्याकडे आलेले प्रकरण. मंगळावर वसाहतीला कर्ज द्यावयाचे तर तारण काय घ्यावे? जमीन घेता येत नाही. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर अथवा अन्य खगोलीय पिंडावर सार्वभौमत्व सांगता येत नाही. भारतही त्या करारात आहे. जेथे राज्य नाही तेथे सातबारा नाही, आणि सातबारा नाही तेथे गहाणखत कशाचे करणार? खणून काढलेला माल मात्र खणणाऱ्याच्या मालकीचा, असा कायदा अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये केला. तेव्हा मी नियम लिहिला की मंगळावर फक्त नजरगहाण चालेल: काढलेले बर्फ, उभे पीक, यंत्रे. परतफेड २६ महिन्यांच्या खेपेशी बांधलेली, मासिक हप्ता नाही. शेतकऱ्याचे पीककर्ज जसे हंगामाशी बांधतात तसे.

नियम पाठवला आणि आठ दिवसांनी नात घरी आली ती भांडण घेऊनच. चाचणीच्या खेळात वसाहतीची एक खेप बुडाली, कर्ज थकले. कंपनीची भूमिका घेतलेल्या मुलाने माझ्या नियमावर बोट ठेवून प्राणवायूचे यंत्र जप्त करण्याचा हुकूम काढला. नियमाप्रमाणे तो बरोबर होता. यंत्र गेले तर वसाहतीतली माणसे तीन दिवसांत मरणार होती. टेबलावर कोणी हसले नाही, असे ती म्हणाली. दोघांत अबोला झाला. “आजोबा, बँक असे करू शकते का?”

तिला मी दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६०वे कलम काढून दाखवले. १९०८ चा कायदा आहे. कोर्टाच्या हुकुमाने ऋणकोची मालमत्ता जप्त होते. परंतु कारागिराची हत्यारे, आणि ऋणको शेतकरी असेल तर त्याची औते, उपजीविकेसाठी आवश्यक तेवढी जनावरे आणि बियाणे यांना हात लावता येत नाही. अंगावरची आवश्यक वस्त्रे आणि स्वयंपाकाची भांडीही वगळली आहेत. गावोगावच्या शाखांत मी जी वर्षे काढली, त्यांत थकबाकीदारांच्या घरी जाण्याचे प्रसंग पुष्कळ आले, आणि या कलमातील एकेक शब्द कोणत्या अंगणात उभे राहून लिहिला असेल, ते मला दिसत असे. बैल नेला तर कर्ज कशातून फिटणार, हा त्यातला व्यवहार. आणि बैल नेला तर तो माणूस जगणार कसा, ही त्यातली माणुसकी. त्या कलमात दोन्ही एकाच वाक्यात नांदतात.

तिने वही काढली. मंगळावरचा बैल कोणता, यावर आम्ही दोन तास बसलो. प्राणवायूचे यंत्र, निर्विवाद. पाण्याची गाळणी. बियाणे. अंगावरचा अंतराळपोशाख हे आवश्यक वस्त्र की चैनीचे? एका माणसामागे एक तर आवश्यक, दुसरा असेल तर जप्त होऊ शकतो, असे ठरले. सौर पट्ट्यांवर एकमत झाले नाही. माझा मुलगा दुकान वाढवून आला होता. तो जेवता जेवता ऐकत होता. आपल्या धंद्यात आजवर किती उधाऱ्या बुडाल्या, हे त्याला तोंडपाठ आहे. तो म्हणाला, “सगळेच जप्तीतून वगळलेत तर मंगळावर उधार देणार कोण? व्याज वाढवा, नाहीतर धनको यायचाच नाही.” ती म्हणाली, “मग पप्पा, किती वाढवायचे ते तुम्ही सांगा.” त्याने ताट बाजूला सारले आणि कागद मागितला.

त्या रात्री तिघांच्या हस्ताक्षरांत जो तक्ता तयार झाला, तो असा आहे की वगळलेल्या वस्तूंची यादी जितकी लांब, तितका व्याजदर चढा, आणि यादी किती लांब ठेवायची ते वसाहतीने खेळ सुरू होण्यापूर्वी एकमताने ठरवावयाचे. स्वस्त कर्ज हवे असेल तर प्राणवायूचे यंत्रही तारणात द्यावे लागेल. त्यांच्या चमूने आतापर्यंत तीन वेळा तो खेळून पाहिला आहे. पहिल्या वसाहतीने स्वस्त कर्ज घेतले. दुसरीने महाग घेतले आणि हप्त्यांखाली वाकून गेली. तिसरीत यादी ठरवण्यावरच संध्याकाळ गेली, फासा पडलाच नाही. आणि चौघांच्या मते आजवरचा सर्वांत चांगला खेळ तोच झाला. कंपनीवाल्या मुलाचा अबोला सुटला आहे. सौर पट्ट्यांचा रकाना अजून कोरा आहे.